पाणी धरणारा सांधा

काशीच्या रामघाटावर मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. आमचे कुटुंब त्यांपैकीच एक. पहाटे घाट उतरावा, स्नान करावे आणि कणकेच्या गोळ्या माशांना घालाव्या, हा आमच्या तात्यांचा साठ वर्षांचा नेम. वयाची ऐंशी उलटल्यावर गुडघ्यांनी पायऱ्यांशी असहकार पुकारला आणि नेम तुटला. स्नान घरी होई, पण माशांची चुटपुट जाईना. तेव्हा तात्यांना घाटावर नेणे शक्य नसेल, तर मासेच वरच्या मजल्यावर आणावे, असा बेत मी केला.

फायलींचे कागद टाचणीने जोडण्यापलीकडे माझ्यासारख्या सरकारी नोकराच्या हाताला सांधण्याचा सराव नाही. तरीही पेटी घरीच करावयाची ठरली. आमच्या बोळांतून काचेची तयार पेटी आणावयाची, तर वाटेत गाय आडवी उभी असावयाचीच! म्हणून अॅक्रिलिकचे तक्ते आणले. हे बहुवारिक द्रव्य जर्मनीत ओटो र‍्योम ह्यांनी 1933 साली बाजारात आणले आणि दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या पारदर्शक छतांसाठी ते वापरले गेले. वजनाने काचेच्या निम्म्याहून हलके आणि सहसा न फुटणारे. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचे 2015 साली नूतनीकरण झाले, तेव्हा तेथील बोगदा ह्याच द्रव्याचा केला होता.

श्रोतेहो, माझी पहिली पेटी फसली. काचेच्या पेट्या सिलिकोनने जोडतात हे मी पाहिले होते. काचेला चालते ते अॅक्रिलिकला चालेल, असे मी गृहीत धरले. चौथ्या रात्री खालचा सांधा सुटला. सिलिकोन दुधावरच्या सायीसारखे अखंड निघून आले होते. पाणी तक्तपोशीतून खालच्या खोलीत ठिबकले आणि तात्यांच्या पोथ्यांचे कपाट अवघ्या हातभर अंतराने बचावले. तात्या काही बोलले नाहीत. त्यामुळेच मला चुकीचे कारण शोधणे भाग पडले.

कारण असे की, सिलिकोनची काचेच्या पृष्ठभागाशी रासायनिक सोयरीक जुळते, अॅक्रिलिकशी ती पक्की जुळत नाही. अॅक्रिलिक सांधण्याचा मार्ग निराळा आहे. डायक्लोरोमीथेनसारखे द्रावक दोन कडांच्या मध्ये सोडले, की दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळतात. त्यांतील लांबलचक रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंततात. द्रावक उडून गेल्यावर मागे तिसरा पदार्थ उरत नाही. दोन तक्ते तेवढ्या जागी एकच झालेले असतात.

ह्या सांध्यावर किती भार येतो, ते पाहा. आमची पेटी 60 सेंटिमीटर लांब, 30 रुंद व 40 उंच. तीत 72 लिटर, म्हणजे 72 किलो पाणी मावते. समोरच्या लांब भिंतीवर त्याचा एकूण रेटा सुमारे 48 किलोंचा होतो. पाण्याचा दाब खोलीवर ठरतो, विस्तारावर नाही. त्या भिंतीमागे तेवढ्याच खोलीचे, पण गंगेच्या पात्राइतके रुंद असे स्थिर पाणी उभे असते, तरी रेटा तेवढाच राहिला असता. उंची मात्र दुप्पट केली, तर तो चौपट होतो. म्हणून पेटी उंच करण्याचा मोह आवरावा. शिवाय अॅक्रिलिक काचेपेक्षा वीस पटींहून अधिक लवचिक असल्याने भिंती फुगू नयेत म्हणून वरच्या काठावर आडवी चौकट सांधावी. आम्ही 10 मिलिमीटर जाडीचे ओतीव तक्ते घेतले.

आता कृती. करवतीच्या खुणा सपाट पाटावर ताणलेल्या पॉलिशकागदावर घासून कड अगदी सरळ करावी. ज्योतीने तिला चकाकी आणू नये, कारण त्यामुळे आत ताण राहतो आणि पुढे द्रावक लागताच बारीक तडे जातात. एक तक्ता आडवा ठेवून दुसरा त्यावर काटकोनात उभा करावा आणि मध्ये बारीक तारा सरकवाव्या. सुईच्या पिचकारीने द्रावक सोडले, की केशाकर्षणाने ते फटीत आपोआप धावते. अर्ध्या-एक मिनिटाने तारा ओढून घ्याव्या. वरचा तक्ता आपल्याच भाराने मऊ कडेवर बसतो. त्याला दाबू नये व हलवू नये. द्रावकाची वाफ अपायकारक असते, म्हणून काम मोकळ्या हवेत करावे आणि जवळ विस्तव नसावा.

येथे ऋतूचाही विचार हवा. हे द्रावक सुमारे 40 अंशांना उकळते आणि काशीचा जेठ तर त्या आकड्याला सहज ओलांडतो. पावसाळ्यात हवेतील ओल सांध्यावर धरते व तो दुधाळ होतो. म्हणून पंचगंगा घाटावर आकाशदिवे लागले, त्या कार्तिकात मी दुसरी पेटी सांधली. दोन दिवस तिला हात लावला नाही. नंतर अंगणात कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवून ती भरली आणि आठ दिवस तशीच राहू दिली. एक थेंब गळला असता, तरी कागदाने चहाडी केली असती.

कागद कोरडाच राहिला. आज पेटीत मासे आहेत. कणकेने पाणी नासते, म्हणून तात्यांनी बऱ्याच वाटाघाटींनंतर चिमूटभर कोरडा चारा मान्य केला आहे. स्नान आटोपून ते पेटीपुढे बसतात. त्याआधी मी खालच्या सांध्यावरून एकदा बोट फिरवून घेतो. अजून तरी बोट कोरडेच निघते.