बर्फ, एक झाड आणि मोकळी जागा

जपानच्या होक्काइदो बेटावरचा हिवाळा ब्रिटिश छायाचित्रकार मायकेल केन्ना यांनी हॅसलब्लाडच्या चौरस चौकटीत, कृष्णधवल फिल्मवर टिपला. बर्फातून डोकं काढणारी कुंपणाची काळी रांग, एखादं निष्पर्ण झाड. बाकी सगळं मोकळं. ती मोकळी जागा राखणं हीच खरी रचना. बर्फापुढे कॅमेऱ्याचं प्रकाशमापक फसतं, पांढऱ्याचं राखाडी करतं. म्हणून एक्स्पोजर एक-दोन स्टॉप वाढवावं. ऊन तिरपं असलं की बर्फावरच्या बारीक लाटांना सावल्या मिळतात. चौकट ठरेपर्यंत पुढे पाऊल टाकू नये, ठसे पुसता येत नाहीत. होक्काइदोतल्याच बिएई गावातलं प्रसिद्ध ‘तत्त्वज्ञ झाड’ २०१६मध्ये शेतमालकाने पाडलं. शेतात घुसणारे पर्यटक हे त्यामागचं एक कारण होतं. फोटो बांधाबाहेरूनच घ्या.