तेरची वाट : लेणी, पांढरी आणि कुंभाराचे चाक

मराठवाड्यात पाहण्यासारखे काय, असे कोणी विचारले की आपण वेरूळ-अजिंठा सांगून मोकळे होतो. धाराशिव जिल्ह्यात आलेला पाहुणा तुळजापूरला आईचे दर्शन घेतो, फार तर नळदुर्गचा किल्ला बघतो आणि सोलापूरच्या गाडीत बसतो. तेर त्याच्या वाटेवर येतच नाही. खरे तर धाराशिव शहरापासून अंतर वीसेक किलोमीटरचे. सकाळी लवकर निघाले तर लेणी, जुनी देवळे, वस्तुसंग्रहालय आणि कुंभारांची घरे पाहून दिवेलागणीला माघारी येता येते.

पहिला मुक्काम शहराजवळच्या धाराशिव लेण्यांचा. ऊन चढायच्या आत इथे पोचावे. मोठ्या लेण्यात मधोमध ऐसपैस मंडप, भोवती खोल्या आणि गाभाऱ्यात पार्श्वनाथाची मूर्ती. ही लेणी मुळात बौद्ध की जैन, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. खडक ठिसूळ असल्याने पडझड बरीच झाली आहे. तासाभरात पाहणे होते. तेरला वेळ जास्त लागतो, तेव्हा इथे रेंगाळू नये.

तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये, पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाची मोठी बाजारपेठ आहे, अशी नोंद आहे. तिथले साधे कापड आणि मलमल गाड्यांतून भडोच बंदराला जाई. हे तगर म्हणजेच आपले तेर, हे 1901 साली फ्लीट या विद्वानाने दाखवून दिले. पुढे हेन्री कझेन्सने इथली देवळे तपासली. त्रिविक्रमाचे देऊळ मागून अर्धगोल, वर हत्तीच्या पाठीसारखे छत. म्हणजे मुळात तो विटांचा चैत्य असावा, असे त्याचे म्हणणे. आज आत विष्णूची त्रिविक्रम मूर्ती आहे आणि गावाची पूजाअर्चा चालू आहे. पाहायला जाल तेव्हा मागच्या बाजूने एक फेरी जरूर मारा, आकार तिथून कळतो. इथल्या जुन्या विटाही अजब. भाताचे तूस मिसळून भाजल्यामुळे त्या इतक्या हलक्या झाल्या, की पाण्यावर तरंगतात!

गाव वसले आहे तेच मुळी जुन्या वस्तीच्या पांढरीवर. पाऊस पडून गेला की टेकाडाच्या उतारावर मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, खापरे उघडी पडतात. गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू आयुष्यभर जमवल्या. त्यांच्या संग्रहातून उभे राहिलेले वस्तुसंग्रहालय आज शासनाकडे आहे. निघण्यापूर्वी त्याची वेळ आणि सुट्टीचा वार विचारून घ्यावा, कारण या सहलीचा जीव तिथेच आहे. उत्तरेश्वराच्या देवळाची कोरीव लाकडी चौकट इथे ठेवली आहे. तेरला सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची बहीण शोभावी अशी मूर्ती 1938 साली इटलीत पाँपेईच्या राखेखाली मिळाली. पण आमच्या मते थांबून पाहावे ते मातीकाम. पुढचा आणि मागचा असे दोन साचे जोडून केलेल्या पोकळ बाहुल्या, त्यांचे केस, दागिने, डोक्यावरच्या वेण्या. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराच्या बोटाची सफाई त्यात दिसते.

मग तेरणेच्या काठी गोरोबाकाकांचे मंदिर. माती तुडवताना विठ्ठलनामात भान हरपले, ती कथा आपण लहानपणापासून ऐकतो. चैत्र वद्य त्रयोदशीला पुण्यतिथीची मोठी यात्रा भरते. गर्दी सोसत नसेल तर ते दिवस टाळा.

इथून कुंभारांच्या दारात जावे. चाकावर आकार दिला की मडके संपत नाही. ओलसर असताना आतून दगडी गोळा धरायचा, बाहेरून थापटण्याने ठोकत पोट वाढवायचे. माठाचे पाणी गार होते ते या पातळ, सच्छिद्र अंगामुळे. माती चाळायची, त्यात राख, लीद मिसळून तुडवायची, सुकवायची आणि शेवटी आवा. भट्टी लागलेली असताना वळवाचा पाऊस आला तर महिन्याची मेहनत पाण्यात. संक्रांतीची सुगडी, उन्हाळ्यात माठ, पोळ्याचे बैल, नवरात्राचे घट, दिवाळीच्या पणत्या, असे वर्षाचे गणित असते. प्लास्टिकच्या घागरी आणि फ्रीजने त्यातले रोजच्या वापराचे काम खाल्ले. उरले ते सणांपुरते, आणि पोरे वीटभट्टीवर किंवा पुण्याला. संग्रहालयातल्या फुटक्या खापराला आपण काचेचे कपाट देतो आणि या माणसाला मात्र “काका, दहा रुपये कमी करा की” म्हणतो, हे बरे दिसत नाही.

दोन गोष्टी पाळाव्यात. पांढरीवरून मणी, खापरे खिशात घालून आणू नयेत. माळवदावर टाकायला, शेतात घालायला पांढरीची माती गाड्या भरून नेण्याची मराठवाड्यात जुनी रीत आहे. तिने गावोगावचा इतिहास किती खणून नेला याची मोजदाद नाही. ज्या थरात वस्तू सापडली तो थरच गेला, तर ती किती जुनी हे तज्ज्ञालाही सांगता येत नाही. आठवण म्हणून काही न्यायचेच असेल तर कुंभाराकडून न्या. दिवाळी जवळ असेल तर डझनभर पणत्या, उन्हाळा असेल तर माठ. माठ बोटाने वाजवून घ्या. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर कुठेतरी तडा आहे. परतीच्या एसटीत तो मांडीवर घेऊन बसावे लागते, तेवढी तयारी ठेवा.