वाचक वेशीवरूनच परततो

गणपतीच्या आदल्या रात्री धाकट्या बहिणीने फोनला विचारलं, 'उकडीचे मोदक फुटतात कशाने?' हात पिठाचे, म्हणून तोंडीच. पडद्यावर सगळ्यात वर चार ओळींचं उत्तर आलं: उकड नीट मळलेली नाही, पारी कुठे जाड कुठे पातळ, सारण ओलं. त्याखाली मूळ लेखांचे दुवे होते. तिथवर ती गेलीच नाही. कशाला जाईल? काम झालं होतं.

पण त्या चार ओळी कुणीतरी आधी लिहिल्या होत्या, आणि त्या कुणीतरीला आज एकही वाचक मिळाला नाही.

वेबचा सगळा डोलारा दुव्यावर उभा आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत ही कल्पना मांडली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ती सगळ्यांना फुकट वापरायला मोकळी केली. पुढे १९९८ मध्ये आलेल्या गूगलने कोणत्या पानाकडे किती आणि कुणाचे दुवे येतात, यावरून पानाची पत ठरवली. त्यातून एक अलिखित सौदा झाला. यंत्राला पान वाचू द्यायचं, त्या बदल्यात त्याने वाचक धाडायचे. वाचक आले की जाहिरातीचे चार पैसे. यंत्राला आत घ्यायचं नसेल, तर 'रोबोट्स डॉट टीएक्सटी' नावाची छोटीशी फाइल ठेवायची, ही पद्धत १९९४ ची. तिची ताकद 'चपला बाहेर काढाव्यात' या पाटीएवढीच. पाळणारा पाळतो.

आता उत्तर वेशीवरच मिळतं. गूगलने एआयने तयार केलेली उत्तरं मे २०२४ मध्ये अमेरिकेत सर्वांसाठी वर आणली, ऑगस्टमध्ये भारतात. दुवे दिलेले असतातच, असं कंपनी सांगते. असतात खरे, जेवण झाल्यावर मेनूकार्ड द्यावं तसे. मजकूर न विचारता वापरल्याच्या आरोपावरून एआय कंपन्यांशी भांडणं कोर्टात पोचली आहेत. न्यूयॉर्क टाइम्सने डिसेंबर २०२३ मध्ये ओपनएआय आणि मायक्रोसॉफ्टवर दावा लावला. एएनआय वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआयला दिल्ली उच्च न्यायालयात खेचलं.

मराठीचं दुखणं आणखी वेगळं. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण आपल्या दैनिकांची संकेतस्थळं पुढे कित्येक वर्षं ज्याच्या त्याच्या फॉन्टवर चालली. डोळ्यांना मराठी दिसायचं. संगणकाला मात्र रोमन अक्षरं नि चिन्हांची रांगोळी. मी त्या काळातला माझाच एक लेख कॉपी करून ठेवला होता. आज उघडला की टिंबं, टोप्या आणि आकडे यांखेरीज काही हाती लागत नाही. असला मजकूर शोधात सापडणार कसा? युनिकोड रुळल्यावर कुठे मराठी पानं सापडू लागली. सापडू लागली, आणि वाचकाचं पानावर येणंच थांबायला लागलं!

अर्थात यंत्राकडे बोट दाखवताना जरा जपूनच. लेखकाचं नाव कापून लेख व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायचा आणि खाली 'साभार' लिहून मोकळं व्हायचं, हा उद्योग आपण आधीपासून करतोय. यंत्र तेच घाऊक भावात करतं.

यातून तगेल कोण? माझ्या मते, ज्याचा वाचक शोधत नाही तर नाव घेऊन येतो तो: वर्गणी भरणारा, ईमेलवर लेख मागवणारा, अमक्याचंच वाचायचं म्हणणारा. निव्वळ 'कसं करावं' सांगणाऱ्या पानांचं कठीण आहे.

बहिणीचा दुसरा घाणाही फुटला, तेव्हा मी खालचा एक दुवा उघडला. लिहिणाऱ्या बाईंनी पिठासाठी जुना तांदूळ घ्यायचा की नवा, यावर तब्बल दोन परिच्छेद खर्ची घातले होते. वरच्या उत्तरात तांदळाचं नावही नव्हतं. पानाच्या माथ्यावर त्यांची सूचना होती: यापुढे पाककृती व्हिडिओतच टाकेन, लिहिणं परवडत नाही.