पदकाच्या कडेवरील नाव

राळेगावसारख्या तालुक्याच्या गावी सराफाकडे जुनी चांदी मोडीत येते. तिच्यात कधी एखादे गोल पदकही असू शकते. एका बाजूस राजा पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूस घोडेस्वार आणि १९१४ व १९१८ ही वर्षे दिसली, तर ते पहिल्या महायुद्धाचे ब्रिटिश वॉर मेडल समजावे. वितळविण्यापूर्वी त्याची कड भिंगातून पाहावी, अशी आमची विनंती आहे. कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण इंग्रजीत उमटविलेली असते.

मेसोपोटेमियात मराठा पलटणींचे अनेक जवान कामी आले. बसरा येथील स्मारकावर भारतीय शिपायांची केवळ संख्या कोरली गेली. त्यांची नावे मात्र आज कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतात. काही नोंदींत पित्याचे नाव, गाव व जिल्हाही आढळतो. जिवंत परतलेल्यांची नोंद तेथे नसते.

गाव कळले की तेथील पोलीस पाटलांकडे विचारणा करावी. जमिनीच्या फेरफार नोंदींत वारसांची नावे मिळू शकतात. कुटुंब ख्रिस्ती असल्यास धर्मग्रामाची बाप्तिस्मा नोंदवही उपयोगी पडते.

इंटरनेटवर आवाहन करताना पित्याचे नाव जाहीर करू नये. हक्क सांगणाऱ्यालाच ते विचारावे.

परत न आलेल्या पूर्वजाचे नाव असलेली तेवढीच वस्तू त्या घराची असू शकते. ती योग्य हाती पोहोचविण्यास आपण सर्वांनी साहाय्य करावे, असे आम्ही सुचवितो.