मनोऱ्याची उंची आणि अर्धा अंश

पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणांत उन्नत कोन बहुधा ३०°, ४५° किंवा ६०° असतो. तो कोणी, कशाने मोजला हे आपण विचारत नाही. मैदानावर उतरल्यावर खरा प्रश्न तोच असतो.

साधन साधे आहे. कोनमापकाच्या सरळ कडेला शीतपेयाची नळी चिकटवावी, मध्यबिंदूपासून दोऱ्याने एखादा नट टांगावा. नळीतून मनोऱ्याचे टोक पाहताना दोरा ९०° च्या खुणेपासून जितका सरकेल तितका उन्नत कोन. पण अर्ध्या अंशाची चूक येथे सहज होते.

मुंबईचा राजाबाई टॉवर घेऊ. तो १८७८ साली पूर्ण झाला. उंची सुमारे ८५ मीटर. समोर ओव्हल मैदान आहे, पण मध्ये रस्ता असल्याने पायथ्यापर्यंत टेप धरणे अवघड. मग मैदानावर, टॉवरच्या सरळ रेषेत, दोन जागा निवडून दोन कोन मोजू. समजा, जवळच्या जागी ४५° आणि तेथून ६१ मीटर मागे ३०° आला. डोळ्याच्या पातळीपासूनची उंची 'उ' मानली, तर पहिल्या जागेचे टॉवरपासूनचे अंतर उ, दुसरीचे १.७३२ उ. फरक ०.७३२ उ = ६१, म्हणून उ = ८३.३ मीटर. त्यात डोळ्याची उंची दीड मीटर मिळवायची (मुले हे हमखास विसरतात!), की झाले सुमारे ८५.

आता दूरचा कोन ३०° ऐवजी २९.५° वाचला असे समजू. उत्तर जवळजवळ ४ मीटरने घटते. हीच चूक दोन जागांत फक्त १० मीटर अंतर ठेवून केली, तर तब्बल १२ मीटरने! कारण दोन्ही दृष्टिरेषा जवळजवळ समांतर होतात. एक किंचित कलली तरी त्यांचा छेदनबिंदू लांब सरकतो.

पायथा गाठता येत असेल तर एकच कोन पुरतो, आणि तो ४५° च्या आसपास असावा. तेथे अर्ध्या अंशाची चूक उंचीत पावणेदोन टक्क्यांची पडते. फार जवळ गेल्यास टॅनची किंमत झपाट्याने वाढते, फार दूर गेल्यास कोनच इतका लहान होतो की अर्धा अंशही मोठा ठरतो. दोन्हीकडे चूक वाढते.

शाळेच्या इमारतीवर हा प्रयोग करताना प्रत्येक गटाला वेगवेगळे अंतर द्यावे आणि सर्वांची उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत. गच्चीवरून सोडलेल्या दोरीची लांबी मात्र शेवटी सांगावी.