चार इंजिनांचे विमान

रात्री अंगणात पडल्यावर आभाळात कधी कधी एक दिवा सरकताना दिसतो. तो तारा नसतो. ते विमान असते. त्यात शेकडो माणसे बसलेली असतात. समुद्र ओलांडून ती दूरच्या देशी चाललेली असतात.

तेव्हा मनात एक शंका येते. रस्त्यात मोटार बंद पडली, तर ती कडेला लावता येते. पण आभाळात विमानाचे इंजिन बंद पडले तर? आणि खाली समुद्रच समुद्र असला तर? हीच शंका विमान बांधणारांनाही होती. त्यांनी तिचे उत्तर कसे शोधले, ते पाहू.

अमेरिकेतल्या बोइंग कंपनीने एक फार मोठे विमान बांधले. त्याचे नाव बोइंग ७४७. लोक त्याला 'जंबो जेट' म्हणू लागले. ९ फेब्रुवारी १९६९ रोजी ते पहिल्यांदा उडाले. १९७० च्या जानेवारीपासून ते प्रवासी नेऊ लागले. १९७१ साली एअर इंडियाचे पहिले जंबो मुंबईला आले. त्याचे नाव 'सम्राट अशोक' असे ठेवले होते.

पुढे या विमानाचे बरेच भाऊबंद निघाले. कोणी आखूड, कोणी लांब. पण सगळ्यांना इंजिने चारच. दोन डाव्या पंखाखाली, दोन उजव्या पंखाखाली. त्यांतल्या ७४७-४०० या विमानाचे भरलेले वजन सुमारे ३९७ टन होते. चाळीस ट्रकांत दहा दहा टन ऊस भरला, तर जेवढा ऊस होईल, तेवढे हे वजन! त्याच्या टाक्यांत २ लाख लिटरांहून जास्त तेल मावे. हे तेल आपल्या रॉकेलच्याच जातीचे असते. एवढे तेल घेतले की हे विमान कोठेही न उतरता १३,००० किलोमीटर जाई.

आता हे इंजिन चालते कसे? जत्रेतला फुगा फुगवा आणि तोंड न बांधता सोडून द्या. हवा मागे सुटते आणि फुगा पुढे पळतो. विमानाच्या इंजिनाचेही तसेच आहे. इंजिनाच्या तोंडाशी मोठा पंखा असतो. तो हवा आत ओढतो. ही हवा मागे ढकलली जाते. तिच्यातली काही हवा इंजिनाच्या पोटात दाबली जाते. तेथे तेल जळते. तापलेली हवा मागून जोराने बाहेर पडते. या साऱ्या हवेच्या जोराने विमान पुढे जाते. बाहेर पडता पडता ही तापलेली हवा एक चक्र फिरवते, आणि त्या चक्रावर पुढचा पंखा फिरत राहतो.

मग इंजिने चार का? एक कारण ताकदीचे. जड नांगराला एक बैलजोडी पुरली नाही, तर आपण दोन जोड्या जुंपतो. तसेच हे. दुसरे कारण जिवाचे. चारांतले एक बंद पडले, तरी तीन चालू राहतात. विमान जवळच्या विमानतळावर नेता येते. अमेरिकेत तर १९५३ साली नियमच झाला, की दोन इंजिनांच्या विमानाने विमानतळापासून एका तासाच्या वाटेपलीकडे जाऊ नये. म्हणून समुद्रावरच्या लांब वाटा बहुतेक चार इंजिनांच्या विमानांकडे गेल्या.

पण चारही इंजिने एकदम बंद पडली तर? असे घडणार नाही, असे लोकांना वाटे. पण ते घडले.

२४ जून १९८२ ची रात्र. ब्रिटिश एअरवेजचे एक जंबो लंडनहून निघाले होते. वाटेत ते मुंबईला थांबले होते. पुढे मलेशियातल्या क्वालालंपूरहून ते ऑस्ट्रेलियाकडे निघाले. विमानात २६३ माणसे होती. जवळच इंडोनेशियाचे जावा बेट होते. त्या बेटावरचा गालुंगुंग नावाचा ज्वालामुखी डोंगर राख ओकत होता. ही राख म्हणजे खडकाची बारीक पूड. काळोखात ती दिसेना. विमानातल्या रडारला पाण्याचे ढग कळतात, कोरडी राख कळत नाही. विमान नेमके त्या राखेत शिरले.

इंजिनाच्या आत इतकी आच असते, की ती पूड वितळली आणि आत चिकटून बसली. हवेची वाट कोंडली. पाहता पाहता एकामागून एक चारही इंजिने बंद पडली.

विमान दगडासारखे खाली कोसळले का? नाही. घार पंख न हलवता तरंगत खाली येते ना, तसे ते येऊ लागले. असे विमान एक किलोमीटर खाली येईपर्यंत सुमारे पंधरा किलोमीटर पुढे जाते. कप्तान एरिक मूडी यांनी प्रवाशांना खरे काय ते शांतपणे सांगितले. काही प्रवाशांनी घरच्यांसाठी शेवटचा निरोप कागदावर लिहून ठेवला. चालक पुन्हा पुन्हा इंजिने सुरू करून पाहत होते. दहा मिनिटांहून जास्त वेळ असा गेला. विमान राखेच्या खाली आले. इंजिने निवली, आतला थर घट्ट होऊन तुटून पडला, आणि एक इंजिन सुरू झाले. मग बाकीचीही झाली. त्यांतले एक पुन्हा बिघडले. पुढची काच राखेने घासून आंधळी झाली होती. तरीही विमान जकार्ताला सुखरूप उतरले. एकही माणूस दगावला नाही.

या प्रसंगाने एक गोष्ट शिकवली. नुसती संख्या वाढवून भागत नाही. जे संकट एका इंजिनाला, तेच चौघांना. म्हणून पुढे ज्वालामुखीच्या राखेवर नजर ठेवून विमानांना आगाऊ खबर देणारी केंद्रे निघाली. आज जगात अशी नऊ केंद्रे आहेत.

इकडे इंजिनेही सुधारली. आजचे सर्वांत मोठे एक इंजिन पहिल्या जंबोच्या दोन इंजिनांहून जास्त जोर लावते. आणि ते बंद पडणे फार विरळा झाले. १९८५ पासून दोन इंजिनांच्या विमानांना, पारख करून, दूरच्या वाटा मोकळ्या होऊ लागल्या. दोनांतले एक बंद पडले, तरी ती एकावर उडत राहतात. त्यांना तेलही कमी लागते. त्यामुळे चार इंजिनांच्या विमानांची मागणी आटली. बोइंगने एकंदर १,५७४ जंबो बांधली. शेवटचे जानेवारी २०२३ मध्ये गिऱ्हाइकाच्या हवाली केले.

चार थकलेल्या बैलांपेक्षा दोन धडधाकट बैल बरे, हे शेतकऱ्याला सांगायला नको. पण बैल धडधाकट राहतो तो निगेने. इंजिनाचेही तसेच आहे. ते किती तास चालले, काय तपासले, कोणता भाग बदलला, याची नोंद लिहून ठेवतात आणि तपासणारा खाली सही करतो. तपासणीची नोंद आणि सही नसेल, तर विमानाला उडू देत नाहीत. आभाळातल्या त्या दिव्यामागे इंजिनांचा जोर आहे, तशी वहीत नीट लिहिलेली ओळही आहे.