पाण्यावर उगवणारं अन्न

उत्तर अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराभोवती राहणाऱ्या ओजिब्वे लोकांची स्वतःबद्दलची मुख्य कथा एका स्थलांतराची आहे. पूर्वज अटलांटिकच्या किनाऱ्यावर राहत होते. ‘पाण्यावर अन्न उगवतं त्या मुलखापर्यंत पश्चिमेकडे जा,’ असा त्यांना आदेश झाला. एक पवित्र कवडी वाट दाखवत होती. ती दिसेल तिथे मुक्काम पडायचा. असे सात मुक्काम झाले. पिढ्या गेल्या. शेवटचा मुक्काम मॅडलिन बेटावर पडला. हे बेट आज विस्कॉन्सिन राज्यात येतं. भोवतालच्या उथळ तळ्यांत माणसापेक्षा उंच गवत उभं होतं आणि त्याला दाणे लागले होते.

ते गवत म्हणजे मनोमिन. बाजारात त्याला ‘वाइल्ड राइस’ म्हणतात, पण आपल्या भाताशी त्याचं नातं दूरचं आहे. ओजिब्वे लोक स्वतःला अनिशिनाबे म्हणवतात, तर अमेरिकन सरकारी कागदांत ते ‘चिपेवा’ असतात. मिशिगनपासून नॉर्थ डकोटापर्यंत आणि कॅनडातल्या ऑन्टेरिओ-मॅनिटोबात त्यांची वस्ती पसरलेली आहे. त्यांचा धर्म, त्यांचं पोटपाणी आणि त्यांचे कोर्टातले खटले ही तीन वेगळी प्रकरणं आहेत असं समजून वाचायला बसलं, की काहीच हाती लागत नाही. मनोमिनचा धागा धरला तर तिन्ही एकदम उलगडतात.

ऑगस्ट संपता संपता दाणे भरतात. तळं कधी ‘उघडायचं’ हे जाणती मंडळी ठरवतात. त्याआधी कुणी नाव घालायची नाही. पहिल्यांदा चिमूटभर तंबाखू पाण्याला वाहायची. घेण्याआधी द्यायचं, हा त्यांच्या श्रद्धेतला अगदी रोजचा नियम आहे. मग एका नावेत दोघं. एक जण उभा राहून लांब काठीने नाव रेटतो. दुसरा बसून देवदाराच्या दोन हलक्या दांडक्यांनी काम करतो: एकाने ताटं नावेवर वाकवायची, दुसऱ्याने हळूच झटकायची. ताट मोडता कामा नये, कारण सगळे दाणे एकदम पिकत नाहीत आणि काही दिवसांनी त्याच ताटांकडे परत यायचं असतं. बरेच दाणे पाण्यात पडतात. पडू देत, तेच पुढच्या वर्षाचं बी. कुसळं मात्र कपड्यांत आणि घशात शिरून जीव नकोसा करतात.

काठावर आणल्यावर दाणे वाळवायचे, मोठ्या कढईत सतत हलवत भाजायचे, मग मऊ चामडी जोडे घालून खड्ड्यात नाचत तुडवायचे. ही त्यांची मळणी. शेवटी भूर्जाच्या सालीच्या पसरट टोपल्यांत पाखडायचे. मिनेसोटा राज्याच्या कायद्यातही आज हीच पद्धत आहे: नाव अठरा फुटांहून लांब नको, मोटर नको, दांडकं तीस इंचांहून मोठं नको. जुना रिवाज सरकारी नियम होऊन बसल्याची अशी उदाहरणं फार सापडत नाहीत.

नांगर न लागलेलं अन्न ऋषिपंचमीला आपल्याकडेही खातात, आणि पूर्व विदर्भातल्या तळ्यांमध्ये आपोआप येणाऱ्या देवधानाला त्यासाठीच मोल असतं. योगायोग असा, की महिनाही साधारण तोच.

मनोमिनच्या आधी वसंतात मेपलच्या झाडांना खाचा पाडून रस गोळा करायचा आणि आटवून साखर करायची. चाळीसेक लिटर रसाचा एक लिटर पाक होतो, म्हणजे कामाचं आणि लाकडाचं गणित लक्षात येईल. उन्हाळ्यात मासे आणि बेरी. हिवाळ्यात शिकार आणि गोष्टी. नानाबोझो या खोडकर, भुकेल्या, तरी लोकांना जगायला शिकवणाऱ्या नायकाच्या कथा जमिनीवर बर्फ असतानाच सांगायच्या, हा संकेत आजही अनेक घरांत पाळतात. याच कथा घेऊन लाँगफेलोने १८५५ साली ‘हायावाथा’ हे काव्य रचलं आणि नायकाला नाव दिलं ते भलत्याच, इरोक्वाय लोकांच्या पुढाऱ्याचं. काव्य जगभर गाजलं. चूक तशीच राहिली. गाड्यांच्या आरशाला लटकणारा ‘ड्रीमकॅचर’ही मूळचा यांचाच. बाळाच्या पाळण्याच्या कड्याला बांधलेलं ते कोळ्याचं जाळं होतं, अपाय अडवण्यासाठी.

१८८३पासून अमेरिकन सरकारने मूलनिवासींचे धार्मिक विधी आणि नाच गुन्हा ठरवले. मिडेविविन या वैदू मंडळाची दीक्षा आणि भूर्जाच्या सालीवर कोरलेल्या तिच्या गुंडाळ्या लपूनछपून टिकल्या. त्याच काळात एक नवा नाच जन्मला. १९१८च्या फ्लूच्या साथीत एका आजारी मुलीच्या वडिलांना स्वप्नात एक पोशाख दिसला, अशी कथा सांगतात. पोशाखाला धातूचे शंकू लावलेले, पाऊल उचललं की किणकिणणारे. पुढे हे शंकू तपकिरीच्या डब्यांची झाकणं वळून करू लागले. मुलगी नाचली आणि बरी झाली. २०२०मध्ये कोविड आला तेव्हा बायका पुन्हा हाच पोशाख घालून नाचल्या.

जमीन गेली ती करारांनी. पण १८३७च्या करारात ओजिब्वे पुढाऱ्यांनी जमीन देताना तिथली शिकार, मासेमारी आणि मनोमिन गोळा करण्याचा हक्क राखून ठेवला. माझ्या मते त्यांच्या इतिहासातलं सर्वांत दूरदृष्टीचं वाक्य हेच. १८५०मध्ये त्यांना मिनेसोटाकडे हुसकावण्यासाठी सरकारने कराराचे वार्षिक पैसे द्यायची जागा मुद्दाम दूर, सँडी लेकला हलवली. शरद ऋतूत बोलावलं, पैसे डिसेंबरपर्यंत आलेच नाहीत, धान्य आलं ते कुजकं. तिथे आणि परतीच्या बर्फात मिळून चारशेच्या आसपास माणसं मेली. दोन वर्षांनी बफेलो हे नव्वदी ओलांडलेले सरदार आधी सालीच्या नावेने, मग आगबोटीने आणि रेल्वेने वॉशिंग्टनला पोचले आणि राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांच्याकडून हकालपट्टीचा हुकूम मागे घेववला. १८५४च्या कराराने त्यांना आपल्या मुलखातच राखीव जमिनी मिळाल्या.

हक्काचं वाक्य मात्र कागदावरच राहिलं. १९७४मध्ये दोन ओजिब्वे भावांनी राखीव हद्दीबाहेरच्या तळ्यात, बर्फाला भोक पाडून जाणूनबुजून भाल्याने मासे मारले आणि अटक करून घेतली. १९८३मध्ये अपील न्यायालयाने करार जिवंत असल्याचं मान्य केलं. त्यानंतर काही वर्षं विस्कॉन्सिनमध्ये रात्री मासेमारीला निघालेल्या कुटुंबांवर धक्क्यावर दगड आणि शिव्या पडत होत्या. मिनेसोटाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९९९मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ओजिब्वे जिंकले.

दरम्यान मनोमिनच बाटलं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते बांध घातलेल्या शेतांत यंत्राने पिकू लागलं, कॅलिफोर्नियातही. दुकानातला काळा चकचकीत, तासभर शिजवूनही टणक राहणारा दाणा बहुधा तोच. तळ्यातला, हाताने भाजलेला दाणा तपकिरी असतो आणि विसेक मिनिटांत शिजतो.

आताचं भांडण पाण्याचं आहे. खाणींच्या सांडपाण्यातलं सल्फेट मनोमिनला मारतं. मिनेसोटाने १९७३मध्येच लिटरला १० मिलिग्रॅमची मर्यादा घातली होती, पण अंमलबजावणी जवळपास शून्य. २०१८मध्ये व्हाइट अर्थ या राखीव मुलखातल्या ओजिब्वेंनी कायदा करून मनोमिनलाच जगण्याचा, वाढण्याचा हक्क दिला. तेलाच्या ‘लाइन ३’ पाइपलाइनच्या वादात २०२१ साली त्या कायद्याखाली स्वतः मनोमिन वादी म्हणून जमातीच्या न्यायालयात उभं राहिलं. पुढच्या वर्षी जमातीच्याच अपील न्यायालयाने तो दावा काढून टाकला, कारण ज्या राज्य खात्याविरुद्ध दावा होता त्याची कृती राखीव हद्दीबाहेरची होती. पाइपलाइनमधून तेल वाहतं आहे. सल्फेटबाबत मात्र काहीतरी हललं: २०२१मध्येच केंद्रीय पर्यावरण संस्थेने राज्याला डावलून मनोमिनचे सुमारे तीस जलाशय दूषित पाण्याच्या यादीत घातले.